दोन गिटारी आणि एक ठप्पा

१

“ही श्रीरंगची गिटार नाई.”

डोमाजी रामटेके हे वाक्य अशा आवाजात बोलले, जसे ते नोकरीत असताना एखादा सुटा भाग नापास करत असतील. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला, दिवाणावर पडलेल्या गिटारीचा माथा पुन्हा एकदा उलटून पाहिला आणि गिटार बाजूला सारली. विषय संपला.

जबलपूरच्या रांझी भागातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत डोमाजींच्या पत्नी कुसुमबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. गिटार घेऊन आलेला सुशांत उभ्याचा उभाच राहिला. डोमाजींची मुलगी नेहा तेवढी हलली, कारण तिची अडीच वर्षांची मैत्रेयी गिटारीच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. तो हात बाहेर काढताना नेहाने आधी बोटं मोजली आणि मगच वडिलांकडे पाहिलं.

“असं कसं म्हणता बाबा?”

“मी आणली होती ना गिटार? मग मले नाई ओळखू येणार?”

श्रीरंग नेहाचा मोठा भाऊ. रिछाईच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, तिथेच खोली घेऊन राहायचा. मागच्या दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. दवाखान्यात शेवटी शेवटी त्याने एकच गोष्ट मागितली होती: माझी गिटार नेहाला द्या, मैत्रेयी वाजवेल. खोलीला बरेच दिवस कुलूप होतं. घरच्या कुणाचा पाय तिकडे वळेना. शेवटी श्रीरंगचा जिवलग मित्र सुशांत गेला, सामान आवरलं आणि आज गिटार घेऊन आला.

डोमाजींनी गिटारीचा माथा मुलीसमोर धरला. तारा पिळायच्या खुंट्या मागून एका लांबट धातूच्या पट्टीवर बसवलेल्या होत्या, सहाच्या सहा एका रांगेत.

“कुठे आहे ठप्पा?”

ठप्प्याबद्दल त्या घरात कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. डोमाजींनी सगळी हयात संरक्षण कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. त्यांच्याकडे अक्षरांचे पोलादी पंच होते, आणि घरात शिरलेल्या प्रत्येक धातूवर ते डी आणि आर ही दोन अक्षरं ठोकत. कुकरवर, सायकलवर, दाराच्या कडीवर, नेहाच्या लग्नातल्या हंड्यावर. नेहाचा नवरा म्हणायचा, बरं झालं मी हाडामांसाचा आहे.

गिटारीच्या पट्टीवर डी नव्हता, आर नव्हता. पट्टी गुळगुळीत होती.

“आन् हे पाह्य,” डोमाजींनी बोट ठेवलं. माथ्याच्या मागे वाळलेल्या कुंकवाचा उभा टिळा होता. “आपल्या घरात कोण्या वस्तूले कुंकू लागलं कधी?”

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली मेणबत्ती.

“काका,” सुशांत म्हणाला. तो जबलपुरातच जन्मलेला, मराठी समजायचं झकास, बोलताना मात्र अडखळायचा. “खोलीत जी होती, तीच आणली मी. बॅगची चेन पण नाही खोलली.”

“तूही वाजवतो ना गिटार?”

“हो.”

“आन् श्रीरंगची तुले लय आवडे.”

“सबको आवडत होती, काका.”

“सबकोची गोष्ट नाई करून राहिलो मी. रविवारी मी पाटनले जाऊन राहिलो. पण आता तारीख काढाले नाई जात.”

पाटनला डोमाजींचे धाकटे भाऊ चंद्रशेखर राहत. त्यांची मुलगी प्रणोती हिचं सुशांतशी जवळजवळ ठरलं होतं. स्थळ श्रीरंगनेच सुचवलेलं, दोघांनी एकमेकांना पसंतही केलेलं. फक्त थोरल्या भावाने येऊन तारीख काढायची बाकी होती. चंद्रशेखरकाका थोरल्या भावाचा शब्द कधी ओलांडत नसत.

“मेलेल्या दोस्ताच्या खोलीतली वस्तू बदलणाऱ्याले पोरगी देऊ नको, इतकंच सांगीन मी चंद्रशेखरले,” डोमाजी म्हणाले.

सुशांतने कुसुमबाईंना नमस्कार केला आणि तो निघून गेला. ट्रेमधला चहा तसाच राहिला.

नेहा गिटार घेऊन मागच्या व्हरांड्यात, उजेडात आली. तिला काळजी करायची सवय होती. गॅसचा नॉब ती दोनदा बघायची, दुधाचं तापमान मनगटावर तीनदा. नवरा तिला सीसीटीव्ही म्हणायचा. पण काळजी करणाऱ्या माणसाची नजर एका गोष्टीत पक्की होते: आधी होतं त्यात काय बदललंय, हे तिला लगेच कळतं.

तिने तीन गोष्टी पाहिल्या. पट्टीच्या कडेने लाकडावर फिकट रंगाची एक अरुंद किनार दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागे उरते तशी. त्या किनारीत बारीक भोकं होती, आगकाडीच्या तुकड्याने बुजवलेली. आणि कुंकवाचा टिळा लाकडावर सुरू होऊन, पट्टीवरून, पुन्हा लाकडावर गेला होता. सलग, कुठेही न तुटता.

“बाबा, पट्टी बदललेली आहे हिची,” ती आत येऊन म्हणाली.

“मग माझी पट्टी कुठे गेली?” डोमाजींनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. “ते शोध. पट्टी जिथे, गिटार तिथे.”

२

सुशांत रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नेहा तिथे पोचली तेव्हा तो डबा उघडून नुसता बसला होता. नेहाने मैत्रेयीला बाकावर बसवलं, हातात पोळीचा तुकडा दिला आणि सरळ विचारलं.

“पट्टी तू बदललीस का?”

“दीदी, तुम्ही पण?”

“मी विचारून राहिले. बाबा विचारत नाहीत, ते सांगतात. फरक आहे.”

सुशांत हसला नाही, पण सैल झाला. “नाही बदलली. कसम नाही खात, पण नाही बदलली. चावी घरमालकाकडे होती. श्री गेल्यानंतर मी पहिल्यांदा त्या दिवशी खोलीत गेलो. गिटार बॅगेत, बॅग पलंगाखाली.”

“बॅगेला कुलूप?”

“कुठलं कुलूप, दीदी. चेन पण अर्धी तुटलेली.”

“तुझ्यासोबत कोण होतं?”

तो डब्यातल्या भाजीकडे बघायला लागला. भेंडी होती, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नेहा थांबली. मैत्रेयीने बिस्किट खाल्लं की नाही हे विचारून कळत नाही, तिच्या तोंडाकडे बघत थांबावं लागतं. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं.

“मोना आली होती,” तो शेवटी म्हणाला. “श्रीच्या फॅक्टरीच्या ऑफिसमध्ये आहे. खोली आवरायला मदत केली तिने. झाडू मारला, पुस्तकं बांधली. बस.”

“हे काल का नाही सांगितलं?”

“श्रीने मना केलं होतं. बोला था, मोनाचं नाव घरात मीच घेईन, योग्य वेळी. आता तो नाही, तर मी कोण घेणारा?”

“ती गिटार वाजवते?”

“श्री शिकवत होता तिला.”

“कुठल्या गिटारीवर?”

सुशांतने डब्याचं झाकण लावलं. न जेवताच.

“तिच्याकडे एक आहे, दीदी. श्रीनेच दिलेली.” तो घुटमळला. “सेम टू सेम. शेजारी ठेवली तर मला पण ओळखू येत नाही.”

३

रिछाईच्या रस्त्यावर ट्रक इतके, की नेहाने मैत्रेयीला ओढणीने स्वतःला बांधूनच घेतलं आणि ऑटोवाल्याला चारदा सांगितलं, भैया, धीरे. कारखाना लहानसाच होता, पंपाचे भाग बनवणारा. गेटवर तिला मोहनजी भेटले, शेडचे म्हातारे इनचार्ज. श्रीरंगची बहीण म्हटल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि मैत्रेयीच्या हातात केळं ठेवलं.

नेहाने मोबाईलवर काढलेला गिटारीच्या माथ्याचा फोटो दाखवला.

“अरे, ये टीका तो मेरा लगाया हुआ है,” मोहनजी म्हणाले.

“तुम्ही लावला?”

“विश्वकर्मा पूजा में. पिछले सितंबर. उस दिन हम लेथ को लगाते हैं, कंप्रेसर को लगाते हैं, झाडू को भी लगाते हैं, बिटिया. तो गिटार ने क्या बिगाड़ा था?” ते स्वतःच हसले. “श्रीरंग ने पहले मना किया. बोला, चाचा, हमारे यहाँ नहीं चलता. फिर मेरा मुँह देखा, तो बोला, अच्छा लगा दो, मगर पीछे की तरफ. बाद में भी नहीं पोंछा. कहता था, चाचा ने लगाया है.”

“त्याच्या आधीच्या वर्षी?”

“उसके पहले तो वो गिटार यहाँ लाता ही नहीं था. वही पहली बार. और...” ते थांबले. “और आखिरी.”

नेहाने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. टिळा, पट्टी, लाकूड. मग तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन नीट लावली. चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं नसतं, पण सकाळपासून आवळलेले तिचे खांदे खाली आले होते.

“मोना आहे का?”

मोना तिच्याच वयाची निघाली, बारीक, चष्मेवाली, डिस्पॅचचं काम बघणारी. नेहाचं नाव ऐकताच ती उभी राहिली आणि मग उगाचच टेबलावरच्या वस्तू नीट लावू लागली. घरी हिंदी बोलायची, पण मराठी तिला सगळं समजत होतं. “श्री से सीखी,” ती म्हणाली. गिटार ऑफिसच्या कपाटातच होती, कारण घरी लहान भावंडं तारा तोडतात आणि सुट्टी झाल्यावर ती इथेच अर्धा तास वाजवत बसायची.

“जरा बघू?”

मोनाने बॅग उघडली. तोच तपकिरी रंग, कडेला तसाच काळसर होत गेलेला, तोच आकार. नेहाने काही न बोलता ती उलटी केली.

खुंट्यांच्या पट्टीवर, अगदी मधोमध, दोन अक्षरं ठोकलेली होती. डी. आर.

“ये कंपनी का मार्का है न?” मोनाने विचारलं.

४

नेहाचा पहिला विचार स्पष्ट होता: हे बाबांना सांगितलं तर सुशांतचं लग्न तर मोडेलच, पण उद्या बाबा इथे येऊन ही गिटार या मुलीच्या हातातून घेऊन जातील. पट्टी जिथे, गिटार तिथे. आणि सुशांतने मोनाचं नाव लपवलं होतं, म्हणजे दोघांनी संगनमताने अदलाबदल केली, असाच त्याचा अर्थ लागणार.

दुसरा विचार आला तो मैत्रेयीमुळे. ती खुर्चीत बसून कंटाळली होती, आणि कंटाळलेल्या मुलाला गप्प ठेवायचे उपाय नेहाच्या पर्समध्ये कायम असत. त्यांतला हुकमी उपाय म्हणजे नाण्यावर कागद ठेवून वर क्रेयॉन घासायचा, की नाणं कागदावर उमटतं.

“मोना, एक कोरा कागद देशील?”

तिने कागद गिटारीच्या माथ्यावर ताणून धरला आणि निळा क्रेयॉन आडवा धरून हलक्या हाताने घासला. पट्टी उमटली. डी आर उमटलं. पट्टीची चारही टोकं आणि टोकांवरचे स्क्रू उमटले. मैत्रेयीने टाळ्या वाजवल्या. मग नेहाने तोच माथा खिडकीजवळ नेला. इथेही लाकडावर फिकट किनार होती, पण कडेने नव्हे, पट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे, गोलसर.

“ही तुला केव्हा दिली त्याने?”

“पिछले साल, बरसात में. मेरे जन्मदिन पर. बोला, सेकंड हैंड है, पर मैंने ठीक करके दी है.” मोनाने चष्मा वर सरकवला. “दीदी, इसमें कुछ गड़बड़ है क्या?”

“शनिवारी रांझीला येशील? गिटार घेऊन?”

“आपके बाबा ले तो नहीं लेंगे?”

खरं तर नेहाला ठाऊक नव्हतं. पण ती म्हणाली, “मी आहे ना,” आणि म्हणताना तिचं तिलाच ते पटलं.

घरी पोचल्यावर तिने बाबा फिरायला गेल्याची खात्री केली आणि निळ्या क्रेयॉनचा कागद आपल्याकडच्या गिटारीच्या माथ्यावर ठेवला. बोटाने जरा सरकवला. कागदावरची पट्टीची कड लाकडावरच्या फिकट किनारीवर बसली. कागदावरचे स्क्रू आगकाडीने बुजवलेल्या भोकांवर आले, एकही इकडे नाही की तिकडे नाही.

कुसुमबाई मेथी निवडत बसल्या होत्या. नेहा शेजारी बसली.

“आई, बाबांनी गिटारीवर ठप्पा मारला तेव्हा पट्टी काढून मारला होता का?”

“काढून?” कुसुमबाई म्हणाल्या. “त्याइले कुठे दम असते का? गिटार दारातून आत आली न आली, हातोडी घेऊन बसले. गिटार पालथी घातली गादीवर, आन् दोन ठोके. श्रीरंग असा ओरडला, जसा त्यालेच मारलं. फुटली असती ना, म्हणे. दोन दिवस बोलला नाई बापाशी.”

नेहाने मेथीची जुडी हातातून खाली ठेवली.

“काहून, काय झालं?”

“काही नाही. शनिवारी दोन माणसांचा चहा जास्त टाक.”

५

शनिवारी दुपारी दोन्ही गिटारी दिवाणावर शेजारी शेजारी पडल्या. सुशांत दाराजवळच्या खुर्चीत टेकला होता, मोना कुसुमबाईंजवळ. नेहाने ओळख करून दिली ती इतकीच: श्रीरंगच्या फॅक्टरीतली, त्याची विद्यार्थिनी. मैत्रेयीला तिने शेजारच्या काकूंकडे पाठवलं होतं, कारण आता स्क्रू निघणार होते.

डोमाजींनी मोनाची गिटार उलटली आणि त्यांचा हात थांबला. अंगठ्याने त्यांनी डी आणि आरवरून दोनदा फिरवून पाहिलं.

“सापडली,” ते म्हणाले. मग ते सुशांतकडे वळले. “बोल आता.”

“तो नाही बोलणार, मी बोलते,” नेहा म्हणाली. “बाबा, तुम्ही तपासणी करत होते ना? मग नीट करा. आधी कुंकू. हे कुंकू श्रीदादाच्या कारखान्यातल्या मोहनजींनी लावलं, मागच्या सप्टेंबरात, विश्वकर्मा पूजेला. माझ्यासमोर सांगितलं त्यांनी. फोन लावून देऊ?”

“त्याच्या गिटारीले कुंकू लावू दिलं त्यानं?”

“म्हाताऱ्या माणसाचं मन नाही मोडलं. तुम्ही मोडलं असतं का?”

डोमाजींनी गिटार जवळ ओढून टिळा पुन्हा पाहिला.

“म्हणजे कुंकवाची गिटार सप्टेंबरात दादाच्या हातात होती. आता टिळा बघा. लाकडावरून पट्टीवर, पट्टीवरून लाकडावर. सलग आहे. पट्टी नंतर बदलली असती तर टिळा मधे तुटला असता. म्हणजे ही गुळगुळीत पट्टी पूजेच्या आधीच बसलेली होती. दादा जिवंत होता, गिटार वाजवत होता. सुशांत खोलीत गेला तो दादा गेल्यानंतर. मग बदलणारा सुशांत कसा?”

सुशांतने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.

“बरं,” डोमाजी म्हणाले. इतकी वर्षं तपासणी पाहिलेला माणूस, मुद्दा त्यांना कळला होता. “पोरगा नाई. मग दुसरं ऐक. श्रीरंगकडे सप्टेंबरात हीच होती, मान्य. पण मी आणलेली ही नाई. मी आणलेली ती.” त्यांनी मोनाच्या गिटारीवर हात ठेवला. “माझा ठप्पा आहे तिच्यावर. देऊन टाकली त्यानं, नाई तर नेली कोणी. लपवून तर ठेवलंच सगळ्याइनं.”

मोनाने गिटारीच्या बॅगेचा पट्टा मुठीत धरला.

“ठप्पा पट्टीवर आहे, बाबा. गिटार लाकडाची असते.”

“म्हणजे?”

“तुम्ही फिटर. तुम्ही धातू बघता. लाकडाकडे तुम्ही कधी बघितलंच नाही.” हे तिने जितक्या हळू म्हणायचं तितकं हळू म्हटलं. मग निळा कागद काढला आणि घरच्या गिटारीच्या माथ्यावर ठेवला. “हा मोनाच्या पट्टीचा ठसा. आता ही जुनी भोकं बघा.”

डोमाजी वाकले. चष्मा पुसला. कागद उचलून पाहिला, परत ठेवला. त्यांची मान जरा तिरकी झाली, कामात गुंतलेल्या माणसाची होते तशी.

“भोकं जुळतात,” ते म्हणाले. “पण अशा पट्ट्या बजारात शंभर भेटतात. भोकं जुळतीलच.”

“मला वाटलंच तुम्ही असं म्हणाल. पेचकस आणा.”

पेचकस त्यांच्या खिशातच होता. नेहाने तारा सैल केल्या. डोमाजींनी गुळगुळीत पट्टीचे स्क्रू एकेक काढले, आणि नेहाने ते एकेक स्टीलच्या वाटीत टाकून वाटी फ्रिजवर ठेवली. खुंट्या सुटल्या. पट्टी निघाली. खाली बोटभर रुंदीचं लाकूड उघडं पडलं, इतकी वर्षं उजेड न पाहिलेलं, बदामासारखं फिकट.

“तुम्ही पट्टी न काढता ठोकलं होतं,” नेहा म्हणाली. “आई म्हणते, दोन ठोके.”

डोमाजींनी गिटार खिडकीकडे वळवली, उजेड तिरका पडावा म्हणून. पातळ पत्र्यावर पंच ठोकला की पत्रा खाली दबतो, आणि खाली मऊ लाकूड असलं की लाकूडही दबतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. लाकडात दोन खड्डे होते. उथळ, कडा विरलेले. पण पहिला डी होता आणि दुसरा आर.

डोमाजींनी बोटाचं टोक त्या खड्ड्यात ठेवलं. “जोरात लागला होता तेव्हा,” ते म्हणाले. “लय ओरडला होता माझ्यावर.”

कुसुमबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सुशांतकडे न बघता डोमाजींनी विचारलं, “हीच आहे. मग त्यानं पट्टी काहून काढली? खराब झाली होती?”

“नाही,” नेहा म्हणाली. “तेच मला दोन दिवस कळत नव्हतं. मोनाच्या गिटारीवर जी जुनी खूण आहे, ती गोल टोकांची आहे. आणि ही आत्ता काढलेली गुळगुळीत पट्टी बघा. गोल टोकांची. म्हणजे ही मोनाच्या गिटारीची. तिच्या खुंट्या चांगल्या होत्या, त्याच्याही चांगल्या होत्या. दोन चालू वस्तू. तरी त्याने बसून दोन्हीकडचे स्क्रू काढले, आपली पट्टी तिच्या गिटारीला लावली, तिची आपल्या. असं कोण करतं? ज्याला पट्टी नाही, पट्टीवरचं काहीतरी द्यायचं असतं, तो.”

कुसुमबाई हळूच मोनाकडे वळल्या होत्या. तिच्या चष्म्याकडे, तिच्या मुठीतल्या पट्ट्याकडे, तिच्या खाली गेलेल्या मानेकडे त्या बघत राहिल्या. नेहाला जे जुळवायला दोन दिवस लागले होते, ते त्यांना तेवढ्यात जुळलं.

“अहो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कायले मारता ठप्पा?”

“घरातली वस्तू कळावी म्हणून.”

“मग त्यानं तेच केलं.”

मोनाला मराठी सगळं समजत होतं. तिने गिटार उलटी करून आपल्या मांडीवर घेतली आणि त्या दोन अक्षरांकडे पाहिलं. “मुझे तो लगा कंपनी का नाम है,” ती म्हणाली. “एक बार पूछा भी था. बोला, हाँ, बहुत पुरानी कंपनी है. रांझी की.”

सुशांतच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यातच त्याचं रडू झालं. त्याने तोंड फिरवलं.

“मले काहून नाई सांगितलं?” डोमाजींनी विचारलं. प्रश्न कुणाला होता ते कळत नव्हतं, म्हणून उत्तर सुशांतने दिलं.

“सांगणार होता, काका. प्रणोतीचं आणि माझं झालं की लगेच. म्हणायचा, आधी बाबांना आपण ठरवलेल्या एका लग्नाची सवय होऊ दे.”

“मी काय वाघ आहे?”

कुसुमबाईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला, या वेळी हसू दाबायला.

डोमाजी उठले. पट्टी, पेचकस, दोन्ही गिटारी, सगळं आहे तिथेच सोडून ते खिडकीशी गेले आणि मोबाईल दूर धरून त्यांनी नंबर लावला. मोबाईलवर ते कायम ओरडून बोलत, समोरचा माणूस पाटनला आहे म्हणजे आवाजही पाटनपर्यंत गेला पाहिजे अशा हिशोबाने.

“चंद्रशेखर, जय भीम. उद्या येऊन राहिलो. हाव, तारीखच काढाची आहे. नाई, नाई, पोट्ट्यात काई खोट नाई. मी तपासला ना. मी स्वतः तपासला.” त्यांनी एकदा सुशांतकडे पाहिलं आणि आवाज आणखी चढवला. “तोही येऊन राहिला सोबत. जेवण जास्त टाका.”

फोन ठेवून ते वळले.

“काका, मी पण?” सुशांतने विचारलं. “तारीख काढायला मुलगा जात नाही ना?”

“तुले मी चोर म्हटलं चारचौघात. आता चारचौघातच शेजारी बसवून जेवीन. चालते का तुले?”

सुशांतने मान डोलावली.

मोना जायला उठली होती. गिटार बॅगेत घालत होती, चेन लागत नव्हती, आणि डोमाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिने बॅग छातीशी घट्ट धरली. नेहाही उठली, वेळ पडली तर मधे पडायला.

“सकाळी आठले निघतो आम्ही,” डोमाजी म्हणाले. “रिछाईच्या तिठ्यावरून घेऊ तुले. गिटार आण. तिकडे पोरीइले ऐकू दे.”

मोनाने आधी नेहाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“वहाँ सब घर के लोग होंगे,” ती म्हणाली. “कोई पूछेगा, ये कौन है, तो मैं क्या बोलूँ?”

“तू काहून बोलशील?” डोमाजी म्हणाले. “मी सांगीन.”